उंबरठ्यापाशी आलेली वखार

वखार हा शब्द मराठी माणसाला इतिहासाने शिकविला. सुरतेची वखार, राजापूरची वखार, वेंगुर्ल्याची डचांची वखार! माल साठविण्याची एक कोठी, भोवती कुंपण आणि आत हिशेब लिहिणारे चार परदेशी कारकून, एवढेच तिचे बाह्य रूप होते. परंतु १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफा घेऊन त्या वेढ्यात सामील झाले. वखार म्हणजे केवळ मालाची कोठी नव्हे, हे छत्रपती शिवाजी महाराजांनी ओळखले आणि १६६१ मध्ये राजापूर ताब्यात घेऊन त्या व्यापाऱ्यांना कैदेत टाकले. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात या अनुभवाचे सार राज्यनीती म्हणून नोंदविले. साहुकार ही राज्याची शोभा मानणाऱ्या अमात्यांनी टोपीकरांना मात्र त्या पंक्तीत बसविले नाही. त्यांच्या पाठीशी परकी राजसत्ता उभी आहे, हे त्याचे कारण. तरीही त्यांना व्यापारास सरसकट बंदी करावी, असे अमात्य म्हणत नाहीत. वखारीसाठी त्यांना समुद्रकिनारी मोक्याची जागा देऊ नये, द्यायचीच तर आत, आपल्या नजरेच्या टप्प्यात द्यावी, असा त्यांचा सावध सल्ला आहे. व्यापार करू द्या, पण नाके ताब्यात देऊ नका, हा त्याचा मथितार्थ!

तीनशे वर्षांनंतर व्यापाराचे मोक्याचे ठिकाण समुद्रकिनारी राहिलेले नाही. ते शहराच्या वेशीवरून आत सरकत सरकत गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. ज्याच्या हाती शहरातील साठ्याची जागा आणि तेथून घराच्या दारापर्यंतचा शेवटचा टप्पा, त्याच्या हाती बाजारपेठ, हे आजचे व्यापारशास्त्र आहे. अमात्यांना कळलेली ही गोष्ट आपल्या धोरणकर्त्यांना आणि त्याहूनही अधिक आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला अद्याप उमगलेली नाही, हे दुर्दैव म्हणावे लागेल.

शोध जुना, मालक नवा

कारखान्यातून निघालेला साबणाचा खोका शेकडो मैल प्रवास करून शहराजवळच्या गोदामात येतो, तेव्हा एका ट्रकमध्ये असे हजारो खोके असतात आणि प्रत्येकामागे पडणारा खर्च अत्यल्प असतो. खरा खर्च सुरू होतो तो तेथून पुढे. एक वडी एका घरी, दुसरी दुसऱ्या घरी. एक माणूस, एक दुचाकी, एक जिना, एक बंद दार. वाहतुकीच्या साखळीतील सर्वांत महागडी कडी ही शेवटचीच असते. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या या शेवटच्या टप्प्यापाशी येऊन थबकतात, त्या उगाच नव्हे.

भारतीय समाजाने हे कोडे कोणत्याही व्यवस्थापन संस्थेचा सल्ला न घेता फार पूर्वीच सोडविले होते. आळीतील किराणा दुकान हे त्याचे उत्तर होय. वितरकाचा टेम्पो आठवड्यातून एकदोनदा येई आणि दुकानाच्या पोटमाळ्यावर माल रचला जाई. महिन्याच्या पहिल्या तारखेला यादी दिली जाई आणि संध्याकाळपर्यंत दुकानातील मुलगा सामान घरी पोहोचते करी. मध्येच गूळ संपला तर घरातले पोर धावत जाऊन घेऊन येई. गोदाम वेगळे नाही, पोहोचविण्याचा आकार वेगळा नाही. पगार लांबला तर वहीवर नोंद होई आणि त्या वहीला व्याज नसे. दुकानदाराला घरातील आजारपण ठाऊक असे आणि मुलीच्या लग्नाची तारीखही. प्रत्येक आळीत एक छोटी वखार होती. फरक इतकाच की ती आळीच्याच मालकीची होती.

आज ज्यांना 'डार्क स्टोअर' असे भारदस्त नाव मिळाले आहे, ती अंधारी दुकाने दुसरे काय आहेत? काही हजार चौरस फुटांची जागा, त्यात काही हजार वस्तू, आणि दोन-तीन किलोमीटरच्या परिघातील घरांना मिनिटांच्या हिशेबात पुरवठा. परीघ तोच, वस्तू त्याच, गिऱ्हाईकही तेच. ग्राहकाला आत प्रवेश नाही म्हणून ते दुकान नव्हे, आणि दारोदार किरकोळ विक्री चालते म्हणून ते निव्वळ गोदामही नव्हे. शोध नवा लागलेला नाही, मालक तेवढा बदलला आहे. आणि नव्या मालकाला आळीशी, तिच्या सुखदुःखाशी काहीही कर्तव्य नाही.

दुकानाला बंदी, गोदामाला मोकळीक

हे घडले कसे? याचे उत्तर धोरणांच्या बारीक अक्षरात दडलेले आहे. २०१२ मध्ये तत्कालीन संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के थेट परकी गुंतवणुकीस मान्यता दिली, तेव्हा देशभरातील व्यापारी रस्त्यावर उतरले. २० सप्टेंबर २०१२ रोजी भारत बंद झाला. १९९१ पासून आर्थिक परावलंबनाविरुद्ध जागर करणाऱ्या स्वदेशी जागरण मंचाने या धोरणाला विरोध केला आणि भारतीय जनता पक्षानेही. परिणामी परकी महाकंपन्यांना भारतीय शहरांत आपल्या नावाची भव्य किराणा दालने उघडून बसणे साधले नाही. समाज निश्चिंत झाला. पुढचे दार बंद केले, आता भीती नाही, असे सर्वांना वाटले.

प्रत्यक्षात मागचे दार उघडेच होते. २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या प्रेस नोटने असा नियम घातला की, इंटरनेटवरून व्यापार करणाऱ्या परकी गुंतवणुकीच्या कंपनीने केवळ 'बाजारमंच' म्हणून काम करावे, मालाची मालकी स्वतःकडे ठेवू नये. नियम कागदावर चोख होता. परंतु त्याच प्रेस नोटने या बाजारमंचांना विक्रेत्यांसाठी गोदाम, वाहतूक, मागणीची पूर्तता आणि पैसे गोळा करणे या सेवा पुरविण्याची मुभा दिली. म्हणजे माल तुमचा नको, पण मालाची वखार तुमची चालेल! वस्तू कोणाच्या नावावर आहे याची चौकशी झाली. पण ती कोणाच्या छपराखाली आहे, कोणाच्या यंत्रणेने उचलली जाते आणि कोणाच्या पिशवीतून दारात जाते, हा प्रश्न तेवढ्या गांभीर्याने विचारलाच गेला नाही. अमात्यांनी जी जागा देऊ नये म्हटले, नेमकी तीच आपण सन्मानपूर्वक बहाल केली.

पळवाटा लगेच निघाल्या. कंपनीशीच लागेबांधे असलेले मोजके विक्रेते पुढे करून माल विकला जातो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार वाढू लागली. वॉलमार्टने २०१८ मध्ये फ्लिपकार्टमधील सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलर मोजून विकत घेतला. ज्या कंपनीला दुकानाच्या दारातून येऊ दिले नव्हते, ती गोदामाच्या दारातून आत आली! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने दुसरी प्रेस नोट काढून नियम कडक केले. बाजारमंचाची भागीदारी असलेल्या विक्रेत्यास त्या मंचावर विक्री करण्यास मनाई झाली, आणि गोदाम व वाहतुकीची सेवा सर्व विक्रेत्यांना समान न्यायाने द्यावी, असे बंधन आले. हे पाऊल स्वागतार्हच होते. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने दिल्लीतील व्यापारी महासंघाच्या तक्रारीवरून ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. त्यानंतर न्यायालयांतील आव्हानांचे आणि स्थगितीचे पर्व सुरू झाले. कायद्याची चाके सावकाश फिरतात, गोदामे मात्र महिन्या-महिन्याला वाढतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी, या कंपन्यांची गुंतवणूक म्हणजे त्यांच्याच तोट्याची भरपाई असल्याचे जाहीरपणे सुनावले आणि छोट्या दुकानदारांच्या भवितव्याविषयी चिंता व्यक्त केली. वस्तू खरेदीच्या किमतीपेक्षाही स्वस्त विकायची, तोटा परदेशी भांडवलातून भरायचा, शेजारचे दुकान बंद पडेपर्यंत थांबायचे आणि मग भाव वाढवायचे, ही युक्ती जुनीच आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये, एका वर्षात सुमारे दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचा दावा केला. हा आकडा कोणाला अतिरंजित वाटेलही. ज्यांना वाटतो त्यांनी आपल्याच वसाहतीतून एक फेरी मारावी आणि उतरलेली फाळके मोजावीत!

भिवंडीच्या शेतातून सोसायटीच्या तळमजल्यावर

या वखारींचा प्रवास पाहायचा असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईच्या उंबरठ्यावर, अशा मोक्याच्या जागी वसलेली भिवंडी एके काळी यंत्रमागांची नगरी म्हणून ओळखली जाई. पूर्णा, काल्हेर, कशेळी, राहनाळ, मानकोली, वळ, दापोडे या परिसरातील गावांत भातशेतीच्या जागी पत्र्याच्या छपरांची गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. तरी गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला तो भिवंडीतील गोदामाच्याच आधारे.

भूमिपुत्रांच्या हाती काय आले? काहींना भाडे मिळाले, काहींना जमिनीचा एकरकमी पैसा. ज्यांची शेती गेली त्यांच्यापैकी अनेकांच्या पुढच्या पिढीला त्याच गोदामात कंत्राटदारामार्फत पहारेकऱ्याची किंवा खोकी उचलण्याची नोकरी मिळाली. अनधिकृत बांधकामे, अरुंद रस्ते, तासन्‌तास अडलेली वाहने आणि वारंवार लागणाऱ्या आगी हे या भागाचे नित्याचे चित्र आहे. विकास नको असे कोणी म्हणत नाही. २०१७ मध्ये मालवाहतूक क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला, १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आले, २०२४ मध्ये महाराष्ट्रानेही आपले धोरण स्वीकारले. देशाची वाहतूक स्वस्त आणि वेगवान व्हावी हे राष्ट्रहिताचेच आहे. प्रश्न एवढाच की, सरकारी सवलतींनी उभ्या राहणाऱ्या या गोदामांत जळगावच्या डाळवाल्याला आणि सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला जागा मिळेल काय, की ती दोन-चार बड्यांसाठीच राखीव राहतील?

आता हीच वखार शहरात शिरली आहे. निवासी इमारतीच्या तळमजल्यावरील गाळे एकत्र करून साठ्याची जागा तयार होते. पहाटे मालाचे टेम्पो, दिवसभर पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकी, रात्री उशिरापर्यंत वर्दळ. दुचाकीवरील तरुणांना ना बसायला जागा, ना स्वच्छतागृह. रहिवाशांनी तक्रार करावी ती कोणाकडे? महापालिका म्हणते परवाना दुकानाचा आहे, कंपनी म्हणते आम्ही केवळ तंत्रज्ञान पुरवितो. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतील अशाच एका केंद्राची तपासणी केली, तेव्हा अन्नपदार्थांवर बुरशी आणि शीतगृहातील तापमानाची हेळसांड आढळून आली आणि त्याचा परवाना निलंबित करावा लागला. त्याच महिन्यात पुण्यात बालेवाडी येथील दुसऱ्या एका कंपनीच्या केंद्रावरही कारवाई झाली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडील डाळीत खडा सापडला तर गृहिणी दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभी राहून जाब विचारत असे. अंधाऱ्या दुकानाच्या दारात मात्र तिला प्रवेशच नाही.

'भागीदार' म्हणविले जाणारे बिगारी

या साऱ्या डोलाऱ्याचा भार ज्याच्या पाठीवर आहे, तो पाठीवर चौकोनी पेटी बांधलेला तरुण. नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये अशा प्रकारचे काम करणारे सुमारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून पुण्या-मुंबईत आलेला पदवीधर मुलगा हप्त्याने दुचाकी घेतो आणि स्वतःचे पेट्रोल घालून दुसऱ्याचा माल वाहतो. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, 'भागीदार' म्हणते. नफ्यात वाटा नाही, निर्णयात वाटा नाही. अपघात झाला तर त्यातील वाटा मात्र संपूर्ण त्याचा! त्याला कामावरून काढणारा अधिकारीही समोर नसतो. भ्रमणध्वनीवरील एक खिडकी बंद होते आणि त्याची चूल विझते.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस या कामगारांनी काम बंद आंदोलन केले. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांच्या हस्तक्षेपामुळे दहा मिनिटांत घरपोच देण्याची जाहिरात मागे घेतली जाऊ लागली. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि या श्रमिकांना देशाच्या कायद्यात प्रथमच नाव मिळाले. कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. हे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे. परंतु त्याच तरतुदीला, श्रमिकांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्क्यांची कमाल मर्यादाही आहे. आजार, अपघात, म्हातारपण या साऱ्यांची सोय एवढ्यात होईल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा रुग्णालयाचे बिल पाहावे.

डाव्या संघटना या प्रश्नाकडे केवळ संघर्षाचे भांडवल म्हणून पाहतात, आणि उदारमतवादी अर्थतज्ज्ञ त्याला 'लवचीक रोजगार' असे गोंडस नाव देऊन मोकळे होतात. एकाला माणसात फक्त वर्ग दिसतो, दुसऱ्याला फक्त किंमत. १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी यांनी राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण अशी त्रिसूत्री मांडली. श्रमिक हा उद्योगाचा खराखुरा भागीदार व्हावा, हा तिचा गाभा आहे. 'भागीदार' हा शब्द कंपन्यांनी उचललाच आहे, तर त्यांना त्याचा अर्थही शिकवावा लागेल.

आणि शिकविण्यासाठी महाराष्ट्राला परदेशी दाखले शोधण्याची गरज नाही. ज्याला एक निश्चित मालक नाही, आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर ओझे वाहतो, अशा हमालाला भविष्य निर्वाह निधी कोण देणार, हा प्रश्न मुंबईच्या घाऊक बाजारात पूर्वीच उभा राहिला होता. अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या लढ्यामुळे १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालक, कामगार आणि शासन यांचे संयुक्त मंडळ, कामगाराची मंडळाकडे नोंदणी, आणि मजुरीवर मालकाने भरावयाची लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधीची, रजेची, औषधोपचाराची सोय. मालक कितीही बदलले तरी मंडळ तेच. किराणा बाजारासाठीही असे मंडळ झाले. माथाडीच्या नावाखाली काही टोळ्यांनी खंडणीचा धंदा मांडला, हे खरे आहे आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु बांडगूळ वाढले म्हणून कोणी झाड तोडत नाही. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे १९६९ मध्ये शक्य झाले, ते पाठीवर पेटी वाहणाऱ्यासाठी अशक्य का असावे? राजस्थानने या श्रमिकांसाठी २०२३ मध्ये देशातील पहिला राज्य कायदा केला, पुढे कर्नाटकानेही केला. माथाडी कायद्याचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने दुसऱ्यांच्या मागे चालावे, हे शोभणारे नाही.

आपलीच, पण विसरलेली उत्तरे

शेवटचा टप्पा परकी भांडवलाशिवाय गाठताच येत नाही, असे सांगणाऱ्यांनी चर्चगेट स्थानकावर जावे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था कोणत्याही संगणकाशिवाय उभी राहिली. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांतून आलेले, बहुतांशी वारकरी परंपरेतील हे लोक. डब्याच्या झाकणावरील रंग आणि अक्षरांच्या खुणा हीच त्यांची लिपी. कोरोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले दररोज जवळपास दोन लाख डबे पोहोचवीत. २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले, ते उगाच नाही. या व्यवस्थेत मालक आणि नोकर अशी विभागणी नाही, गटाची मिळकत गटात वाटली जाते. २०२० च्या टाळेबंदीने या व्यवस्थेला जबर तडाखा दिला आणि डबेवाल्यांची संख्या रोडावली. त्या काळात ज्यांनी त्यांच्या कौतुकाची भाषणे आयुष्यभर केली, त्यांच्यापैकी किती जणांनी पुन्हा डबा लावला?

दुसरे उदाहरण तर घराघरातले आहे. बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेली ग्राहक चळवळ आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत. सुधीर फडके यांच्यासारखा थोर संगीतकार या कामात तळमळीने उतरला होता. काही कुटुंबांनी मिळून एक ग्राहक संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, पंचायतीने थेट उत्पादकाकडून माल घ्यायचा, आणि संस्थेच्या गोदामातून निघालेला ट्रक ठरलेल्या दिवशी एका घरापाशी माल उतरवून देई. मग त्या संघातील कुटुंबे मिळून वाटप करीत. साठवण, वाहतूक, शेवटचा टप्पा, सारे काही होते. नव्हती ती घाई आणि नव्हता तो नफेखोर मध्यस्थ. हजारो मध्यमवर्गीय घरांतील गृहिणींनी दशकानुदशके ही व्यवस्था चालविली. वाटपाच्या दिवशी शेजारणी एकत्र येत, हा तिचा आणखी एक लाभ. दहा मिनिटांच्या सेवेत शेजाऱ्याची गरजच उरत नाही.

आणि ज्यांना तंत्रज्ञान हवे आहे, त्यांच्यासाठी तेही आहे. केंद्र सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत तिचा प्रयोग सुरू झाला. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला खुला व्यापारजाल हा तिचा हेतू. जसे यूपीआयने पैशाच्या देवघेवीत केले, तसेच व्यापारात करण्याची ही कल्पना आहे. परंतु जाल खुले झाले तरी वखार बंदिस्त राहिली, तर दुकानदाराच्या हाती केवळ एक पाटी येईल. खुल्या जालाला खुल्या गोदामाची जोड हवी.

स्वस्ताईची खरी किंमत

यावर ठरलेले आक्षेप येतील. ग्राहकाला स्वस्त मिळते ना? रोजगार निर्माण होतो ना? आता यातील काही कंपन्या भारतीय तरुणांनीच काढल्या आहेत ना? एका मोठ्या कंपनीने तर मालाची मालकी स्वतःकडे ठेवता यावी म्हणून २०२५ मध्ये आपली परकी भागीदारी ४९.५ टक्क्यांवर मर्यादित करून घेतली आहे. मग आक्षेप कशाला?

स्वदेशी म्हणजे केवळ मालकाचे पारपत्र तपासणे नव्हे. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. विकेंद्रित अर्थव्यवस्था हे त्यांच्या आर्थिक चिंतनाचे एक प्रमुख सूत्र आहे. आर्थिक शक्ती मूठभरांच्या हाती एकवटली की मूठ कोणत्या देशाची हा प्रश्न दुय्यम होतो. हजार दुकानदार असलेल्या शहरात भाव ठरविण्याची सत्ता हजार ठिकाणी असते. दोन वखारी असलेल्या शहरात ती दोन ठिकाणी. उद्या त्या दोघांनी ठरविले तर स्वस्ताई एका रात्रीत नाहीशी होईल आणि तेव्हा परत जायला कोपऱ्यावरचे दुकान राहिलेले नसेल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर होताच बड्या कंपन्यांची घरपोच सेवा कशी विस्कळीत झाली आणि अर्धे शटर उघडून धान्य देणारा कोण होता, हे इतक्या लवकर विसरावे?

रोजगाराचेही तेच. किराणा दुकान एका कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या स्वाभिमानाने जगविते. त्यातील मुलगा मोठा होऊन दुकानाचा मालक होतो. अंधाऱ्या दुकानातील खोकी उचलणारा मुलगा दहा वर्षांनी कशाचा मालक होणार? तो म्हातारा होतो एवढेच.

धोरण आणि धर्म

शासनाने चार गोष्टी तातडीने कराव्यात. पहिली, निवासी भागातील साठ्याच्या केंद्रांची स्वतंत्र वर्गवारी करून त्यांच्यासाठी जागा, वाहनतळ, अग्निसुरक्षा आणि श्रमिकांच्या सोयींचे नियम ठरवावेत. दुसरी, सरकारी सवलत घेणाऱ्या प्रत्येक गोदाम संकुलात छोट्या उत्पादकांसाठी आणि किराणा व्यापाऱ्यांच्या सहकारी संस्थांसाठी ठराविक जागा राखून ठेवावी. तिसरी, माथाडी मंडळाच्या धर्तीवर घरपोच सेवा करणाऱ्या श्रमिकांचे मंडळ स्थापावे. चौथी, २०१६ च्या धोरणातील गोदामविषयक मुभेचा फेरविचार करावा. विक्री आणि वखार एकाच हाती राहणार नाहीत, अशी रेषा आखावी. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्यास सांगितले, कारण त्या स्वस्त मिठापुढे स्वराज्यातील मीठ विकले जाणार नव्हते. ज्या राज्यकर्त्याला मिठाच्या भावात राज्याचे हित दिसले, त्याचे नाव घेणाऱ्यांना वखारीच्या भाड्यात ते दिसू नये काय?

दुकानदारांनाही आपले कर्तव्य टाळता येणार नाही. मापात मारणे, मुदत संपलेला माल खपविणे, पावती नाकारणे, गिऱ्हाइकावर खेकसणे, या सवयींनीच अनेक घरे दूर गेली. पाच-पन्नास दुकानदारांनी एकत्र येऊन एक गोदाम, एक खरेदी आणि दोन-चार सायकलवाल्यांची सामाईक घरपोच सेवा उभी केली, तर महाकंपन्यांना जे कोट्यवधी रुपये ओतून साधते ते त्यांना निम्म्या खर्चात साधेल. आळीचे प्रेम त्यांच्या गाठीला आधीच जमा आहे.

राहता राहिला मध्यमवर्ग. सभेत स्वदेशीच्या ठरावाला हात वर करायचा आणि घरी परतताना त्याच हाताने भ्रमणध्वनीवर कोथिंबिरीची जुडी मागवायची, हा विरोधाभास आता पुरे झाला. कोथिंबीर दहा मिनिटांत आली नाही म्हणून कोणाचे जेवण अडत नाही. परंतु ती दहा मिनिटांत यावी म्हणून चौकातील लाल दिवा ओलांडणारा मुलगा कोणाच्या तरी घरचा असतो. महिन्याची यादी पुन्हा कागदावर लिहावी. ती कोपऱ्यावरच्या दुकानात द्यावी, किंवा दहा घरांनी मिळून ग्राहक संघ सुरू करावा. शाखेतून, भजनी मंडळातून, सोसायटीच्या बैठकीतून हा विषय बोलला जावा. दारात आलेल्या तरुणाला पाणी विचारावे, त्याचे नाव विचारावे आणि त्याच्या हक्काच्या मंडळासाठी आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहावे.

अमात्यांच्या काळी वखारीला जागा कोठे द्यायची हे छत्रपती ठरवीत. लोकशाहीत तो अधिकार प्रत्येक उंबरठ्याकडे आला आहे. कोणाची वखार दारापर्यंत येऊ द्यायची, हे आता प्रत्येक कुटुंबाने ठरवायचे आहे.